पाण्याला मागे फिरू देऊ नका
झडपेची निवड : विहिरीवर, बोअरवर आणि ठिबकवर



उसाची लागण, बेणे, खताचा हप्ता यावर या पानांतून नेहमी लिहिले जाते. आज एका छोट्या वस्तूबद्दल लिहायचे आहे. दुकानात तिला नॉनरिटर्न किंवा रिफ्लेक्स म्हणतात. विहिरीच्या तळाशी बसते ती फुटव्हॉल्व्ह. आपली माणसे तिला सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात. नाव काही घ्या, काम एकच : पाणी पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही.

या झडपेची किंमत मला स्वतःच्या विहिरीवर कळली, म्हणून आधी तेच सांगतो. उसाला ठिबक आहे, काठावर पंप आहे आणि व्हेंचुरीने खत देतो. एका रात्री दोनशे लिटरच्या बॅरलात युरिया विरघळवून नळी सोडली आणि मोटार चालू करून घरी आलो. सकाळी बॅरल रिकामे. मी खूश. पण आबा उसात फेरी मारून आले आणि म्हणाले, “बॅरल रिकामं झालं खरं, पण सऱ्या तर कोरड्याच हायेत. खत गेलं कुठं मग?”

खत विहिरीत गेले होते. आम्ही घरी पोचायच्या आत लाईट गेली होती. फुटव्हॉल्व्हच्या झडपेत लिंबाची काडी अडकलेली, त्यामुळे ती मिटलीच नाही. पाइपातले पाणी खाली विहिरीत उतरू लागले आणि उतरता उतरता बॅरलातले खतपाणी नळीतून ओढून घेऊन गेले. त्याच विहिरीचे पाणी वस्तीवरची चार घरे पितात. जनावरेही तिथलेच पितात आणि युरियाच्या पाण्याने जनावर काही तासांत दगावते. त्या दिवशी आधी जनावरे हौदापासून दूर बांधली, घरोघरी जाऊन सांगितले आणि विहीर उपसून सगळे पाणी उसाला दिले. कुणाला काही झाले नाही, हे नशीब. नशिबावर विहीर चालवू नये.

आपल्या भागाला याची गरज जास्त

लातूरकरांना २०१६चा एप्रिल सांगायला नको. मांजरा धरण कोरडे पडले आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. टंचाईच्या दिवसांत आपल्याच विहिरी आणि बोअर गावासाठी अधिग्रहित होतात, तिथूनच टँकर भरतात. म्हणजे आज ज्या विहिरीवर आपण खताचे बॅरल ठेवतो, ती उद्या गावाची पिण्याची विहीर होऊ शकते. त्यात खत, कीडनाशक किंवा ठिबक धुण्याचे ॲसिड उतरले तर दोष कुणाला द्यायचा?

पाणी मागे का फिरते?

मोटार थांबली की वर चढलेले पाणी स्वतःच्या वजनाने खाली येते. दहा मीटर उंचीचे पाणी खाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो दाब देते. नदीवरून चढावर एक किलोमीटर नेलेल्या ११० मिलिमीटर पाइपात सुमारे आठ हजार लिटर पाणी मावते. झडप नसेल तर लाईट जाताच ते सगळे नदीत परत. सेकंदाला आठ लिटर देणाऱ्या पंपाला तो पाइप पुन्हा भरायला सतरा मिनिटे लागतात. आठ तासांच्या पाळीत चार वेळा लाईट गेली, तर तासाहून जास्त वेळ नुसता पाइप भरण्यात गेला.

दुसरे नुकसान मोटारीचे. उलट येणारे पाणी पंपाची फिरकी उलटी फिरवते. तेवढ्यात लाईट आली आणि ऑटो स्टार्टरने मोटार सुरू केली, तर उलट्या फिरणाऱ्या दांड्याला एकदम सुलटा हिसका बसतो. दांडा पिळतो, कपलिंग तुटते, कधी मोटारही जळते. म्हणून ऑटोला दोन-चार मिनिटांचा उशीर लावून ठेवावा.

कोणती झडप कुठे?

१. *विहिरीवरचा पंप :* फुटव्हॉल्व्ह सक्शन पाइपापेक्षा लहान घेऊ नये. जाळीच्या सगळ्या छिद्रांची मिळून जागा पाइपाच्या तोंडाच्या काही पट असावी, नाहीतर पंपाचा जोर पाणी ओढण्यातच जातो. पंप कितीही भारी असला तरी हवेच्या दाबाच्या जोरावर तो पाणी सहा-सात मीटरपर्यंतच नीट ओढतो. त्यात जाळी घाण असेल तर तेवढेही नाही. शेतीपंपाच्या या झडपांसाठी भारतीय मानक आयएस १०८०५ आहे. घेताना ती खूण बघावी. तळापासून दीड-दोन फूट वर बसवावी, म्हणजे गाळ ओढत नाही.

२. *नदीवरचा उपसा :* मांजरा असो की गोदावरी, पुराचे पाणी गाळ आणि पाचोळा घेऊन येते. इथे बिजागरीची झडप किंवा रबरी गोळीची झडप बरी. स्प्रिंगच्या झडपेत काडीकचरा अडकतो. बिजागरीची झडप आडव्या पाइपात बसवावी. उभ्या पाइपात बसवायचीच असेल तर पाणी खालून वर जाणाऱ्या जागीच, कारण ती आपल्या वजनाने मिटते.

३. *बोअर :* सबमर्सिबल पंपाच्या तोंडावर बहुधा कंपनीचीच झडप असते. आपल्याकडे बोअर शेकडो फूट खोल जातात, तेव्हा तेवढ्या एकीवर भागत नाही. कॉलम पाइपात साधारण दर दोनशे फुटांवर आणखी एक घालावी. ती स्प्रिंगचीच हवी. बिजागरीची झडप बोअरमध्ये घालू नये, ती मिटायला उशीर लावते.

४. *ठिबक आणि खत :* क्रम पाठ करून ठेवा. आधी पंप, मग एकेरी झडप, तिच्यापुढे उंचावर हवेचा व्हॉल्व्ह, त्यानंतर व्हेंचुरी किंवा खताची टाकी, शेवटी फिल्टर. पोकळी झाली की हवेचा व्हॉल्व्ह बाहेरची हवा आत घेतो, म्हणून पाइप खत ओढत नाही. माझ्या विहिरीवर फुटव्हॉल्व्हच्या भरवशावर या दोन्ही वस्तू नव्हत्या. फुटव्हॉल्व्ह पंपात पाणी धरून ठेवण्यासाठी आहे, विहिरीच्या राखणीसाठी नाही.

मोठी झडप म्हणजे चांगली झडप नव्हे

दुकानदार म्हणतो, “एक नंबर मोठीच घ्या, पाणी मोकळं जाईल.” हा सल्ला मानू नका. पाणी कमी आणि झडप मोठी असली की ती पूर्ण उघडत नाही, मधेच फडफडत राहते आणि बिजागरी खाऊन टाकते. पाइपाचे माप बघाच, पण आपला पंप पाणी किती देतो ते आधी बघा. पंपाच्या तोंडाला किंवा बेंडला लागूनच झडप लावू नये. पाइपाच्या रुंदीच्या निदान पाचपट सरळ पाइप मध्ये ठेवावा. बाणाची दिशा बघायला विसरू नये.

आणखी एक धोका ध्यानात असू द्या. झडप उशिरा मिटली तर मागे धावणारे पाणी तिच्यावर आदळते आणि पाइपात घणाचा घाव बसल्यासारखा ‘ठाण’ आवाज येतो. सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी असे एकदम थांबले, तर लोखंडी पाइपात सुमारे शंभर मीटर उंचीच्या पाण्याएवढा जादा दाब येतो. पीव्हीसी पाइपात तो तीस ते पंचेचाळीस मीटर येतो, म्हणजे तीन ते साडेचार किलो. चार किलोच्या पाइपात आधीच तीन किलो दाब असेल, तर जोड का निखळतात ते यावरून समजावे. लांब चढावर म्हणूनच पटकन मिटणारी झडप आणि सहा किलोचा पाइप घ्यावा.

कारखान्यातही हीच राखण

बॉयलरला पाणी देणाऱ्या नळावर एकेरी झडप लागतेच. भारतीय बॉयलर नियम १९५० नुसार ती बंधनकारक आहे. पाणी देणारा पंप अचानक बंद पडला, तर आतल्या वाफेचा दाब बॉयलरचे पाणी मागे रेटतो. ऐन गळितात बॉयलरमधले पाणी उतरणे म्हणजे माणसांच्या जिवाशी गाठ. नांदेडजवळच्या विष्णुपुरी उपशासारख्या मोठ्या कामात पाणी मागे फिरू न देण्याची सोय आराखड्यातच करावी लागते. मग आपल्या पाच अश्वशक्तीच्या पंपाने काय पाप केले?

घरच्या घरी तपासणी

मोटार बंद करून पंपाजवळ उभे राहा. पाइपात गटगट आवाज आला किंवा दांडा उलटा फिरला, तर झडप गळते. काठावरच्या पंपाचा वरचा बूच काढून पाणी तोंडापर्यंत भरा आणि अर्धा तास थांबा. पाणी उतरले तर फुटव्हॉल्व्ह वर काढा. रबराचे वायसर आणि जाळी साफ करा, झिजली असेल तर बदला. लागणीच्या आधी आणि पावसाळा सरल्यावर, असे वर्षातून दोनदा हे करावे.

खत देऊन झाले की व्हेंचुरीची नळी बॅरलातून बाहेर काढावी. फवारणीची टाकी भरताना नळी औषधात कधीच बुडवू नये, टाकीच्या तोंडावर वीतभर उंच धरावी. त्या वीतभर मोकळ्या जागेतून पाणी मागे फिरत नाही. ती झडप कधी झिजत नाही आणि तिला पैसेही पडत नाहीत.

आता आबा रोज संध्याकाळी नळी बाहेर आहे का ते बघून येतात. मी म्हणालो, “आबा, झडप बसवलीय आता.” ते म्हणाले, “झडप आपलं काम करंल. पण पाणी चार घरचं हाय, बघायला नको का?”