घरबसल्या नर्सिंग? पैसे भरण्याआधी विद्यापीठाचं ऑफिस शोधा



मध्यंतरी एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते झाले आणि एका ताईंनी अंतर्गत कर्जाची मागणी मांडली. रक्कम ३० हजार. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरीला नर्सिंगला घालायचंय. ऑनलाइन आहे. सहा महिन्यांत सर्टिफिकेट, घर सोडायची गरज नाही." मोबाईलवर आलेली जाहिरात त्यांनी सगळ्यांना दाखवली. पांढरे कपडे घातलेली मुलगी, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली एक मोबाईल नंबर आणि पैसे भरायचा क्यूआर कोड. विद्यापीठाचं नाव मात्र कुठेच नाही.

सगळ्या जणी माझ्याकडे बघायला लागल्या. खरं सांगते, मलाही तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. "पुढच्या बैठकीपर्यंत पैसे भरू नका," एवढंच म्हणाले आणि माहिती काढली. तीच इथे देते आहे.

ऑनलाइन अभ्यासक्रम चालवतं कोण?

खऱ्या अभ्यासक्रमामागे एक ऑफिस असतं. जी विद्यापीठं दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवतात, त्यांच्याकडे या कामासाठी वेगळं केंद्र असतं आणि त्याला एक संचालक असतात. आपल्या ग्रामसंघात जसे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष सह्यांना जबाबदार असतात, तसेच हे संचालक तिथल्या कामाला जबाबदार. शिकवणारे डॉक्टर, नर्स, आहारतज्ज्ञ शोधायचे, धडे सोप्या भाषेत करून घ्यायचे, परीक्षा वेळेवर घ्यायची, तक्रार आली तर उत्तर द्यायचं, हे सगळं त्यांच्याकडे.

चांगल्या ऑनलाइन अभ्यासक्रमात चार गोष्टी असतात: व्हिडिओ, वाचायचं साहित्य, शंका विचारायची जागा आणि स्वतःची तपासणी करायला चाचणी. नुसते व्हिडिओ पाठवले आणि शंका विचारायला माणूसच नाही, तर तिथे शंका घ्या.

आरोग्याच्या धड्यांना आणखी एक काळजी लागते. ते जुने होतात. एक उदाहरण बघा. बाळाला जुलाब झाले की ओआरएस द्यायचं, हे आपल्याला माहीत आहे. पण २००४ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात की ओआरएसबरोबर झिंकही द्या. आपल्याकडे झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात, जुलाब थांबले तरी. आता एखाद्या धड्यात झिंकचं नावच नसेल, तर तो शिकून बाई गावात अर्धवट सल्ला देणार. असा धडा बदलून घेणं हे त्या ऑफिसचं काम. जाहिरातवाल्याला त्याचं काय?

काय ऑनलाइन मिळतं, काय नाही?

हे नीट लक्षात ठेवा. नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी, डॉक्टरकी यांची पदवी किंवा पदविका ऑनलाइन देता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांतच तसं आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून तर आयोगाने मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषण, आहारशास्त्र अशा विषयांचेही दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश थांबवले. कारण साधं आहे. शीर शोधणं, बाळंतपण करणं, रुग्णाला कुशीवर वळवणं हे हाताने शिकायचं काम. पोहायला कुणी व्हिडिओ बघून शिकतं का?

एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. रुग्णालयात प्रत्यक्ष काम करून शिकायचं आणि मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करायची. नोंदणी नाही, तर नर्स नाही.

मग ऑनलाइन शिकणं वाया का? अजिबात नाही. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' वर २०१७ पासून अनेक विषय फुकट शिकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. दिल्लीचं इग्नू १९८५ पासून आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घर-शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे. आहार, रक्तक्षय, बाळाची काळजी, स्वच्छता यांचं ज्ञान घरात आणि गटात रोज उपयोगी पडतं. फक्त ते ज्ञान आहे, इंजेक्शन द्यायचा परवाना नाही.

पैसे भरण्याआधी हे विचारा

१. विद्यापीठाचं पूर्ण नाव काय? हा अभ्यासक्रम चालवायला त्याला आयोगाची मान्यता आहे का? आयोग बोगस विद्यापीठांची यादीही जाहीर करतो, तीही बघा.

२. पैसे कुणाच्या खात्यात? विद्यापीठाच्या खात्यातच भरा, पावती घ्या. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षण दुसऱ्या कुणाला चालवायला द्यायची विद्यापीठाला परवानगी नाही.

३. ऑफिसचा नंबर विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, जाहिरातीतला नको. फोन करून विचारा, "हा कोर्स तुमचाच आहे ना?"

४. कोर्स झाल्यावर काय काम करता येईल आणि काय करता येणार नाही? चांगलं ऑफिस दुसरी गोष्टही स्पष्ट सांगतं. जो फक्त पहिलीच सांगतो, त्याच्यापासून लांब राहा.

पुढच्या बैठकीत आम्ही जाहिरातीतल्या नंबरावर स्पीकर लावून फोन केला. गटाच्या सचिव ताईंनीच विचारलं, "विद्यापीठ कोणतं?" पलीकडून उत्तर आलं, "ताई, आज भरलं तर पाच हजार कमी करतो." दोनदा विचारलं, दोनदा हेच. मग फोन ठेवला.

कर्जाची मागणी त्या ताईंनी मागे घेतली. पोरगी हिरमुसली होती, रागावलीही होती. आता तिच्यासाठी एएनएमच्या कॉलेजांची माहिती गोळा करतोय. दोन वर्षं घराबाहेर राहावं लागेल, हा प्रश्न घरात अजून सुटलेला नाही. पण गटाने ठरवलंय, प्रवेश पक्का झाला की कर्जाचा विषय पहिला घ्यायचा.

तुमच्या गावातही अशी जाहिरात फिरत असेल. हा लेख ग्रामसंघाच्या बैठकीत वाचून दाखवा आणि कुणी पैसे भरणार असेल, तर आधी मला किंवा तुमच्या सीआरपी ताईंना सांगा. एक फोन करायला दहा मिनिटं लागतात. ३० हजार फेडायला वर्ष जातं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक