रक्त थांबलं की नुसतं दिसेनासं झालं?

मंडळी, मी डॉक्टर नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण 'थांबलं' आणि 'दिसेनासं झालं' यांतला फरक हा आमच्याच विषयातला प्रश्न. आज त्याचं उदाहरण पोटातलं घेऊ.

गुडघेदुखीच्या गोळ्या आपल्याकडे वर्षानुवर्षं घेतल्या जातात. कधी त्यांनी जठरात अल्सर होतो, रक्त वाहतं, शौचाला डांबरासारखं काळं होतं. मग पौडहून पुणं गाठायचं, एंडोस्कोपी करायची. इंजेक्शन, क्लिप किंवा उष्णता देऊन डॉक्टर रक्तवाहिनी बंद करतात. तेवढ्यानं भागलं नाही, तर पावडर फवारतात.

'हेमोस्प्रे' ही त्यातली प्रसिद्ध पावडर. ती खनिजाची, बेंटोनाइट कुळातली. दख्खनच्या काळ्या जमिनीत याच कुळातलं खनिज असतं. पहिल्या पावसात ती माती चपलेला कशी चिकटते, तुम्हाला सांगायला नको! पावडर रक्तातलं पाणी शोषते, फुगते, चिकटते आणि वर थर धरते. हाँगकाँगमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अभ्यासात २० पैकी १९ रुग्णांचं रक्त लगेच थांबलं. अमेरिकेत २०१८ मध्ये परवानगी मिळाली.

आता गंमत बघा. जो गुण उपयोगी, तोच अडचणीचा. फवारणीच्या नळीचं टोक किंचित ओलं झालं की पावडर तिथेच गोळा होते, नळी तुंबते. म्हणून टोक जखमेपासून एक-दोन सेंटीमीटर लांब धरतात, दुर्बिणीची वाट आधी हवेनं कोरडी करतात. क्वचित दुर्बीणच जठराच्या अस्तराला चिकटून बसल्याच्या नोंदी आहेत. फवारणी कार्बन डायऑक्साइडच्या दाबानं होते, त्यामुळे आतडं पातळ झालेलं असेल तर भोक पडण्याचा धोका. आतड्याला आधीच भोक असल्याची शंका असेल, तर ही पावडर वापरायचीच नाही. पित्तनलिकेच्या तोंडाशी वापरली तर ती नलिका काही काळ बंद होऊ शकते.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. फवारणीनंतर सगळा भाग पांढुरका होतो, रक्त नेमकं कुठून येत होतं ते कळत नाही. मग क्लिप लावायची कुठे? आणि हा थर साधारण एक ते तीन दिवसांत गळून पडतो. खालची रक्तवाहिनी तशीच असेल तर पुन्हा रक्त. त्या २० जणांतल्या दोघांना ७२ तासांत पुन्हा रक्तस्राव झाला होता. आमच्या वेदान्तात 'आवरण' म्हणतात ना, तसंच हे. झाकल्यानं वस्तू जात नाही.

म्हणून मोठ्या वाहिनीच्या बाबतीत पावडर हा बऱ्याचदा मधला पूल असतो. तोवर रक्त चढवता येतं, रुग्ण सावरतो, दुसरी एंडोस्कोपी किंवा शस्त्रक्रिया ठरवता येते. नातेवाइकांनी डॉक्टरांना निवांतपणे विचारावं: पावडर एकटीच वापरली, की क्लिपसोबत? गळून पडल्यावर पुढे काय ठरलंय? आणि रुग्णाला घरी नेल्यावर पुन्हा काळी शौच झाली, चक्कर आली, घाम फुटला, तर सकाळची वाट न बघता लगेच निघायचं. पुणं जवळ असलं तरी रात्री गाडी मिळायला वेळ लागतो, हे आपण जाणतोच.

आता प्रश्न विचारा.