केशवराव दाते : रंगभूमीवरून पडद्यावर

नाटकमंडळी खामगांव-मलकापुरास उतरे त्या काळीं ध्वनिक्षेपक नसे. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोंचे तो नटाच्या छातीच्या बळावर. केशवराव दाते (१८८९–१९७१) याच तालमींतले. पण ओरडण्यापेक्षां स्वराच्या चढउतारावर त्यांचा भर. ‘आंधळ्यांची शाळा’ हें १९३३ चें नाटक त्यांनीं याच धाटणीनें बसविलें. म्हणून बोलपटांतही ते अडले नाहींत. कॅमेरा चेहरा जवळ आणतो, तेथें मोठा आवाज उलट जाचतो. ‘अमृतमंथन’मधील (१९३४) राजगुरु गाजला. ‘कुंकूं’तील (१९३७) काकासाहेब मात्र त्याहून अवघड : तरुण मुलीशीं लग्न लावणारा वृद्ध विधुर. त्याच्यावर चिडलेला प्रेक्षक त्याच्या आत्महत्येनें शेवटीं हळहळतो. ही किमया बव्हंशीं दात्यांच्या संयमाची. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) आला तेव्हां पासष्टी उलटली होती, तरी ते पडद्यावर होतेच.