रेंज भरपूर, नेट ठप्प

मोबाइलवर रेंजच्या साऱ्या काड्या उभ्या आणि साधा फोटो मात्र जाता जात नाही, हे गर्दीत अडकलेल्या कुणालाही नवे नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात, आणि एरवी गावापुरत्या फोनांना पुरणाऱ्या टॉवरांपुढे लाखो माणसे येऊन ठाकतात. अशा वेळी ‘अजून टॉवर उभारा’ ही मागणी साहजिकच होते. पण शेजारीशेजारी उभे केलेले दोन टॉवर एकाच लहरींवर बोलू लागले, तर दोघांच्या मधल्या फोनला नुसता गलका ऐकू येतो. नेटचा वेग जितका टॉवरांच्या संख्येवर ठरतो, तितकाच तो हवेतल्या जागेच्या, म्हणजे लहरींच्या, वाटपावरही ठरतो. हे वाटप आपल्याकडे दोन पातळ्यांवर होते. टॉवरमध्ये ते कमालीच्या बारकाईने होते, आणि दिल्लीत फार ढोबळपणे.

आधी टॉवरचे पाहू. फोर-जीच्या १० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्याचे ५० तुकडे पडतात, प्रत्येक १८० किलोहर्ट्झचा. कोणता तुकडा कोणत्या फोनला द्यायचा, हा निर्णय टॉवरमधली यंत्रणा सेकंदाला हजार वेळा घेते. सगळ्या फोनांना एक तुकडा सारखाच फळत नाही, ही यातली खरी अडचण. टॉवरजवळच्या फोनला स्वच्छ लहर मिळते, म्हणून त्याच तुकड्यात जास्त माहिती कोंबता येते. डोंगराआडच्या फोनला तीच माहिती सावकाश, पुन्हा पुन्हा सांगावी लागते. फोर-जीच्या प्रमाणित तक्त्यात सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट स्थितीत सुमारे ३६ पटींचा फरक आहे. समजा, कराडात टॉवरखाली बसलेल्या फोनला सगळी जागा दिली तर ३० मेगाबिट वेग मिळतो आणि दूरच्या वाडीतल्या फोनला सगळी जागा दिली तर ३. एकूण आकडा फुगवायचा असेल, तर सारे कराडला द्यावे, वाडीला शून्य. दोघांना सारखाच वेग द्यायचा म्हटले, तर अकरापैकी दहा हिस्से वेळ वाडीवर जातो, दोघांच्या पदरी पावणेतीन मेगाबिटही पडत नाहीत आणि एकूण बेरीज साडेपाचच्या आतच राहते. वेळ निम्मा-निम्मा वाटला, तर कराडला १५, वाडीला दीड, बेरीज साडेसोळा. प्रत्यक्षातल्या यंत्रणा साधारण या तिसऱ्या वाटेने जातात, आणि वर एक चलाखी करतात. ज्या फोनची लहर त्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा या क्षणी बरी आहे, त्याला पुढे घेतात. या न्यायाला गणिती बैठक दिली ती केंब्रिजच्या फ्रँक केली यांनी, १९९० च्या दशकात. त्याच दशकात नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर आटपाडीच्या पाणी चळवळीत समन्यायी वाटपाचा आग्रह धरत होते. पाटाच्या तोंडाशी असलेल्या ऊसवाल्याला किती आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला किती, हाच तंटा टॉवरमध्ये दर मिलिसेकंदाला सोडवला जातो.

दिल्लीतला हिशेब मात्र इतका जाड आहे की वर केलेली सारी कारागिरी त्यात बुडते. लहरींचे परवाने दूरसंचार सर्कलनिहाय दिले जातात. आपले सर्कल ‘महाराष्ट्र’, त्यात गोवा आहे, मुंबई नाही. म्हणजे गडचिरोलीपासून काणकोणपर्यंत एकच तुकडा. सांगलीच्या हळद बाजारात जो पट्टा अपुरा पडतो, तोच पट्टा त्याच कंपनीच्या नावावर कोयनेच्या खोऱ्यातल्या बामणोली-तापोळ्यातही असतो. तिथे तिचा टॉवर पोचत नसेल तर तो पडून राहतो, पण तिच्या संमतीशिवाय दुसऱ्या कोणाला हात लावता येत नाही. रिकामी हवा किती असू शकते, हे आयआयटी मुंबईने दाखवले आहे. अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांच्या २०१४ मधल्या अभ्यासानुसार दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झमधल्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ देशात अक्षरशः कुठेही मोकळ्या सापडत होत्या. याच गटाने पालघरच्या खेड्यांत त्या लहरींवरून इंटरनेट पोचवण्याचा प्रयोगही केला. कमी वारंवारितेच्या लहरी झाडी-टेकड्यांतून तुलनेने दूर जातात, म्हणजे सह्याद्रीला सोयीच्या. आणि तरी २०२२ च्या लिलावात अशाच ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एकही बोली लागली नाही!

यावर एक रास्त आक्षेप आहे. कोयनेच्या खोऱ्यात नेट नाही ते लहरी कमी म्हणून नव्हे. तिथे टॉवर, वीज आणि फायबर नेणे परवडत नाही म्हणून. हे खरेच आहे. पण मोठ्या कंपनीला न परवडणारे काम एखाद्या लहान स्थानिक सेवादात्याला परवडू शकते, आणि त्याला आज खात्रीची लहर विकत वा भाड्याने मिळणे कठीण आहे. ‘कोट्यवधी मोजून घेतलेला हक्क वाटायचा का?’ हा दुसरा आक्षेप. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच लहरी ही सार्वजनिक संपत्ती ठरवली आहे. कंपनीने पैसे मोजले ते वापरासाठी. पडून ठेवण्याचा हक्क त्यातून आपोआप येत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात लहरींची भागीदारी, भाडेपट्टा आणि पुरेशा कारणाशिवाय न वापरलेल्या लहरी परत घेण्याची तरतूद आहे. एकाच पट्ट्यात अनेकजण आले तर गोंधळ माजेल, ही भीती उरते. पण अमेरिकेत ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झचा पट्टा नौदलाचे रडार, परवानाधारक आणि इतर वापरकर्ते अशा उतरत्या अग्रक्रमाने वाटून घेतात, आणि कोणी कधी थांबायचे हे स्वयंचलित यंत्रणा सांगते. तिथले परवाने काउंटीनिहाय आहेत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यागणिक.

तेव्हा सातारा-सांगलीला लागू पडेल असे पहिले पाऊल खर्चाचे नाही, हिशेबाचे आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना सेवेचे नकाशे संकेतस्थळावर टाकायला लावले. त्यात रेंज आहे की नाही इतके कळते. जत, पाटण किंवा मिरजेत कोणता पट्टा किती वापरात आहे आणि किती नुसता नावावर आहे, हेही तालुकावार छापायला लावले, तर भाड्याने काय मागायचे आणि कोणाकडे, हे तरी समजेल.