चिलखत आधी, दात मागून

अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात ३० डिसेंबर १८०३ च्या तहापुरतं येतं. त्याहून कोट्यवधी वर्षं जुने मासे हवेत तर इथे खोदून उपयोग नाही. वर पूर्णेचा गाळ, खाली काळा पाषाण. त्यासाठी विदर्भाच्या पूर्व टोकाला जायचं.

सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा हे गाव आहे. तिथल्या माशाची नोंद १८५१ मध्ये लंडनला झाली, ‘लेपिडोटस डेक्कनेन्सिस’ या नावाने. अंगभर जाड, चौकोनी, झळाळते खवले, चिलखताच्या पट्ट्यांसारखे एकमेकांत अडकलेले. त्याच सुमारास नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आसपासचे खडक पालथे घालत होते. १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना ते पुरात बुडाले. १९०८ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ स्मिथ वुडवर्ड यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या माशांवर लिहिलं, तेव्हा एका माशाला हिस्लॉपचं नाव दिलं. त्या माशांच्या सोबतीला ‘गार’ नावाच्या माशाचे खवलेही होते.

या खवल्यांना पुढे बहुतेक एकच काम मिळालं, खडकाचं वय सांगायचं. मला हे जरा वाया घालवणंच वाटतं. कारण १८७४ मध्येच ऑस्कर हर्टविग यांनी शार्कच्या कातडीवरचे काटे दातासारखेच घडतात हे दाखवलं होतं: आत गर, भोवती डेंटिन, वर टणक थर. मुशीच्या पाठीवर उलटा हात फिरवला की जे खरखरतं ते हेच.

पुढचा धागा सापडायला २०१५ उजाडलं. दाताचं एनॅमल घडवणारी जनुकं आजच्या गार माशाच्या कातडीत काम करताना सापडली. मग स्वीडनचा सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा अँड्रिओलेपिस हा मासा पाहिला: एनॅमल फक्त खवल्यांवर. चीनच्या सारोलेपिस या जीवाश्म माशात ते खवल्यांवर आणि चेहऱ्याच्या हाडांवर, दात मात्र कोरडेच. म्हणजे एनॅमल आधी कातडीवर आलं, तोंडात नंतर शिरलं. खुद्द दात कातडीतून आत आले की घशातून पुढे सरकले, हा वाद अजून चालू आहे.

बाजारातल्या रोहू-कटल्याने यातलं काहीच राखलं नाही. त्यांच्या पातळ खवल्यांत डेंटिनही नाही, एनॅमलही नाही.

२०२५ मध्ये शिकागोच्या यारा हरिदी आणि सहकाऱ्यांनी ४६ कोटी वर्षांपूर्वीच्या एरिप्टिकियस या माशाच्या चिलखतात डेंटिनच्या नळ्या दाखवल्या. त्यांच्या मते हे चिलखत संवेदनाही टिपत असावं. थंड पाण्याने दात शिवशिवतात ते उगीच नाही. त्याच अभ्यासात सर्वांत जुना पृष्ठवंशी प्राणी म्हणून मिरवणारा अ‍ॅनाटोलेपिस खेकड्या-विंचवांच्या गोतातला निघाला.