गांवची माती कोणाची ?

चंद्रपूरहून आग्नेयेकडे निघालेली वाट गोंडपिपरीवरून पुढें आष्टीजवळ वैनगंगा ओलांडते आणि आलापल्ली-भामरागडच्या अरण्यांत शिरते. त्या अरण्यापलीकडे बस्तर. मध्यें राज्याची सीमा आहे खरी. परंतु तिच्या दोन्ही अंगांस गोंड-माडियांचीच वस्ती आहे. म्हणून बस्तरांत जें घडतें तें गोंडपिपरीस परक्याचें वाटूं नये, आणि आपणां शहरवासीयांसही वाटूं नये.

सन 2022 च्या डिसेंबरांत नारायणपूर व कोंडागांव जिल्ह्यांतील अनेक गांवीं ख्रिस्ती झालेल्या आदिवासी कुटुंबांवर जमावांनीं हल्ले केले. धर्म सोडा अथवा गांव सोडा, असा पेंच त्यांजपुढें टाकण्यांत आला. ऐन थंडींत शेंकडो माणसांनीं नारायणपूरच्या क्रीडागृहांत आश्रय घेतला. नववर्षाच्या पहिल्या दिवशीं एका गांवीं दोन पक्षांत मारामारी होऊन माणसें जखमी झालीं. आणि दुसऱ्या दिवशीं, म्हणजे 2 जानेवारी 2023 रोजीं, नारायणपूर शहरांत जमावानें चर्चची मोडतोड केली. त्यास आवरूं गेलेल्या पोलीस अधीक्षकांचेंही डोकें फुटलें.

याहून मनास अधिक लागणारी गोष्ट पुढेंच आहे. 7 जानेवारी 2025 रोजीं बस्तर जिल्ह्यांतील छिंदवाडा गांवीं एक वृद्ध ख्रिस्ती धर्मोपदेशक वारले. त्यांचे आप्त पूर्वीं ज्या गांवींच पुरले गेले, तेथें त्यांस जागा नाकारण्यांत आली. स्वतःच्या शेतांतही पुरूं देण्यास विरोध झाला. मुलगा उच्च न्यायालयांत गेला, तेथें नकार मिळाला. मग तो सर्वोच्च न्यायालयांत आला. तोंवर बापाचें प्रेत शवागारांत पडून होतें. 27 जानेवारीस निकाल लागला, तोही दुभंगलेला. न्या. नागरत्ना यांनीं खाजगी जमिनींत दफनाची मुभा द्यावी असें मत दिलें, न्या. शर्मा यांच्या मतें नेमलेल्या ख्रिस्ती दफनभूमींतच विधि व्हावयास हवा होता. प्रेताची आणखी हेळसांड होऊं नये म्हणून प्रकरण मोठ्या पीठाकडे न धाडतां, सुमारें वीस-पंचवीस किलोमीटरांवरील करकापाल येथें दफन करण्याची आज्ञा झाली. मृत्यूनंतर वीस दिवसांनीं त्या मनुष्यास माती लाभली, परंतु ती गांवची नव्हे.

हें असें कां होतें ? गांवकऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. अरण्यांतील गांव म्हणजे केवळ घरांचा समूह नव्हे. जमीन ग्रामदेवतेची, पेरणी तिच्या अनुज्ञेनें, सण सर्वांच्या वर्गणीनें, आणि मेलेलीं माणसें त्याच भूमींत पूर्वज होऊन राहिलेलीं. जो वर्गणी देत नाहीं, पूजेस येत नाहीं, त्यानें गांवाशीं असलेला करारच मोडला असें इतरांस वाटतें. हें दुःख खोटें नाहीं. परंतु दुःख एक आणि दंडा दुसरा. या दुःखास बाहेरून येणाऱ्या संघटना चेतवितात, तेव्हां भावकींतील रुसव्याचें रूपांतर बहिष्कारांत व बहिष्काराचें हल्ल्यांत होतें. ख्रिस्ती झालेल्यांस अनुसूचित जमातींच्या यादींतून वगळावें अशी मागणीही जोरानें मांडली जाते. वास्तविक जमातीचा दर्जा आज धर्मावर अवलंबून नाहीं. धर्माची अट आहे ती अनुसूचित जातींस, 1950 च्या आदेशान्वयें.

बळजबरीच्या धर्मांतराची शंका कोणी घेईल. ती शंका जुनी आहे. चांदा जिल्हा मध्य प्रदेशांत असतांना, 1954 सालीं, त्या सरकारनें न्या. भवानीशंकर नियोगी यांची समिति नेमिली. तिनें मिशनऱ्यांवर कडक ताशेरे ओढले. पुढें 1968 त तेथें कायदा झाला, आणि 1977 त सर्वोच्च न्यायालयानें तो वैध ठरविला. म्हणजे कोणीं फसविलें असेल तर फिर्यादीची वाट मोकळी आहे. घटनेचें 25 वें कलम सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य प्रत्येकास देतें. त्याचा न्याय जमावानें करावा असें कोणताही कायदा सांगत नाहीं. धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क बुडूं नये असें तर 1850 च्या कायद्यानेंच ठरविलें होतें.

महाराष्ट्रास या प्रश्नाचें उत्तर घरींच सांपडण्याजोगें आहे. नारायण वामन टिळकांस आगगाडींत ख्रिस्ती धर्माचा पहिला परिचय झाला, तो नागपूरहून राजनांदगांवास जातांना. म्हणजे याच टापूंत. 1895 त त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. घर मोडलें, लक्ष्मीबाई दूर राहिल्या. कालांतरानें त्या पतीकडे परतल्या, तेव्हांही प्रथम आपला धर्म राखूनच. त्यांची सोंवळ्याची चूल आणि पतीची प्रार्थना एका छपराखालीं नांदली. पुढें त्याही ख्रिस्ती झाल्या, तें स्वतःच्या मनानें, 1900 सालीं.

एका घरांत जें साधलें तें एका गांवांत साधणें अवघड खरें, अशक्य नव्हे. देव निवडण्याचा अधिकार जिवंत माणसाचा आहे. मेल्यावर तर त्यास साडेतीन हात मातीखेरीज कांहींच नको असतें. तेवढी देण्याइतकी आपली गांवें खास मोठीं आहेत.