बॅटरीची नाडी

गुरुग्राम–फरिदाबाद रस्त्यावर ग्वाल पहाडी येथे राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था आहे. १९८२ साली सौर ऊर्जा केंद्र म्हणून ती निघाली व २०१३ साली स्वायत्त झाली. तेथील मुख्य उद्योग मोजमापाचा. तारेच्या विजेवाचून राहणाऱ्या घरासही हाच उद्योग करावा लागतो. कारण फ्रिजमध्ये इन्सुलिन असेल, तर बॅटरी मध्यरात्री संपणे परवडत नाही.

आपण म्हणाल, व्होल्टमापक आहे की! पण तो भोळा असतो. ऊन असता आकडा चढतो, पंखा लागताच उतरतो. शिशाची १२ व्होल्टची बॅटरी काही तास विसावल्यावर १२.७ दाखवील तर भरलेली, १२.२ च्या सुमारास अर्धी समजावी. भरणे व खर्च अहोरात्र चालू असलेल्या घरात असा विसावा तिला मिळावा कोठून? लिथियम बॅटरीचा दाब तर बराच काळ जवळजवळ स्थिरच राहतो.

म्हणून प्रवाह मोजावा. बॅटरीच्या ऋण टोकाशी ‘शंट’ नावाची धातूची अचूक पट्टी बसवितात. आत येणारा व बाहेर जाणारा सर्व प्रवाह तिच्यातूनच गेला पाहिजे. एखादी तार परस्पर टोकाला जोडली की हिशेब बुडाला. रात्री दहा तास ५ अँपिअर खर्च झाला, तर १०० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धी रिकामी झाली. या जमाखर्चात हळूहळू चूक साचते. बॅटरी पूर्ण भरेल त्या दिवशी तो नव्याने मांडावा. मापकाच्या बारीक तारेतही फ्यूज हवाच.

दिल्लीकडे तापमापकही तितकाच आवश्यक आहे. तो भिंतीला न टांगता बॅटरीच्या अंगाला चिकटवावा. चाळीस अंशांवर शिशाच्या बॅटरीचा भरणदाब पंचवीस अंशांच्या मानाने सुमारे ०.३ व्होल्ट कमी ठेवावा लागतो; अन्यथा पाणी आटते आणि आयुष्य घटते. मे महिन्यात स्वच्छ उन्हातही दुपारचा प्रवाह रोजच्याहून कमी दिसला, तर आधी पॅनेलवरची धूळ पुसून पाहावी, मग कारागिरास बोलवावे. डिसेंबर-जानेवारीतील धुके चार-चार दिवस हटत नाही, तेव्हा सायंकाळचा शिल्लक आकडा पाहूनच दूरदर्शन लावावे की नाही ते ठरते.

हौशी मंडळी हे सारे मोबाइलवरील आलेखात पाहतात, पाहोत बापडी. दुधाच्या वहीशेजारी आणखी एक वही ठेवली तरी चालते: पहाटेचा दाब, सायंकाळची शिल्लक, दुपारचे तापमान.